चाळीस यार्ड, सव्वाचार सेकंद

अमेरिकेत दर वर्षी फेब्रुवारी संपता संपता इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये तीनशेच्या वर कॉलेज फुटबॉलपटू जमतात. फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंडाकृती चेंडूचा आणि खांद्यांवर चिलखत चढवून खेळायचा. आठवडाभर या मुलांची उंची, वजन, हातांची लांबी, पंजाची रुंदी मोजतात. डॉक्टर एकेक सांधा वाकवून बघतात, संघांचे अधिकारी मुलाखती घेतात. या मेळाव्याला 'कम्बाइन' म्हणतात. त्यातल्या ढीगभर चाचण्यांपैकी लोकांच्या तोंडी राहते ती एकच, ४० यार्डांची म्हणजे ३६.५८ मीटरची सरळ धाव. तिचे बोलीतले नाव नुसते 'फोर्टी'. पाच-साडेपाच सेकंदांत ती आटोपते आणि मुलाच्या नावापुढे एक आकडा कायमचा चिकटतो.

एप्रिलअखेर 'ड्राफ्ट' होतो. एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेतले ३२ संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात, अशा सात फेऱ्या होतात. गेल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला सहसा पहिला मान असतो. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात २०११ साली झालेल्या करारापासून नवख्याचा पहिला मोबदला तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरच जवळपास ठरतो. दहाव्या जागेवरून चाळिसाव्या जागेवर घसरलेल्याचे लाखो डॉलर जातात. म्हणून फोर्टीच्या वेळेभोवती दाव्यांचे एवढे पीक येते. शाळकरी वयातच पोरगा 'मी फोर-थ्री पळतो' म्हणू लागतो, कॉलेजचे प्रशिक्षक तोच आकडा पुढे सांगतात, एजंट तो छापून वाटतात. मला वाटते, असा आकडा कानावर पडला की मुलगा किती वेगवान हा प्रश्न नंतरचा. घड्याळ कुणी चालू केले, कशाने बंद झाले आणि धाव कुठल्या जमिनीवर झाली, हे आधी विचारायला हवे.

मुळात ४० यार्डच का? याचे श्रेय सहसा क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना देतात. फुटबॉलमध्ये 'पंट' नावाचा प्रकार आहे. आपल्याला पुढे सरकता येत नसेल तर चेंडू लाथेने उंच उडवून प्रतिपक्षाकडे दूर पाठवायचा आणि तो झेलणाऱ्याला पकडायला आपली माणसे धावत सुटायची. पंट साधारण ४० यार्ड जातो आणि हवेत साडेचार सेकंदांच्या आसपास राहतो. म्हणजे ४.५ सेकंदांत ४० यार्ड कापणारा गडी चेंडूबरोबरच तिथे पोचतो. ब्राउन यांचा हिशोब असा होता, असे सांगतात. तो हिशोब एका विशिष्ट कामाचा होता. पुढे त्याच अंतराने सगळ्याच खेळाडूंचा वेग जोखला जाऊ लागला. दीडशे किलोचा लाइनमन, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणारा गडी, सामन्यात सलग ४० यार्ड क्वचितच पळतो, पण कम्बाइनमध्ये तोही पळतो.

आता प्रत्यक्ष धाव जवळून पाहू. मुलगा कृत्रिम हिरवळीवरच्या पांढऱ्या रेषेमागे येतो. एक पाय रेषेच्या अगदी लगत, दुसरा थोडा मागे, एक हात जमिनीला टेकलेला आणि दुसरा मागे कमरेपाशी उचललेला. क्षणभर त्याला निश्चल राहावे लागते, डोलून झोक घेता येत नाही. बंदूक वाजत नाही, शिटीही होत नाही. त्याच्या मनात येईल तेव्हा तो सुटतो. त्याचा हात जमिनीवरून हललेला दिसला की बाजूचा माणूस अंगठ्याने घड्याळ चालू करतो. शेवटच्या रेषेवर मात्र किरणांचा झोत असतो, तो छातीने तुटला की घड्याळ आपोआप थांबते. प्रत्येकाला दोन संधी मिळतात. शिवाय गॅलरीत संघांचे स्काउट आपापली स्टॉपवॉच घेऊन बसलेले असतात आणि जाहीर झालेल्या वेळेपेक्षा अनेकांचा स्वतःच्या अंगठ्यावर जास्त भरवसा असतो.

सगळी गोम या अंगठ्यात आहे. डोळ्याने हालचाल टिपून अंगठा दाबला जाईपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढा वेळ धावणारा पुढे निघालेला असतो आणि घड्याळ शून्यावर असते. शेवटच्या रेषेवर ही चूक उलट दिशेने भरून निघायला हवी, पण तसे होत नाही, कारण तिथे माणूस समोरून येताना दिसत असतो आणि अंगठा त्याच्या येण्याचा अंदाज बांधूनच दाबला जातो. उशिरा चालू केलेले आणि वेळेवर बंद केलेले घड्याळ नेहमी कमीच वेळ दाखवणार. पोलीस भरतीच्या मैदानावर शंभर मीटर पळून आलेल्या उमेदवाराला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथेही सेकंदाच्या अंशांवर गुण ठरतात. अ‍ॅथलेटिक्समध्ये हाताने घेतलेली शंभर मीटरची वेळ विद्युत घड्याळाशी ताडून बघायची झाली तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. आता हेच फोर्टीला लावून पाहा. ४.३० ची वेळ ४.५४ होते. पहिला आकडा वर्तमानपत्रात मथळा मिळवून देणारा, दुसरा चारचौघांसारखा.

कम्बाइनमधली वेळ म्हणजे अर्धी माणसाची, अर्धी यंत्राची. या पद्धतीच्या नोंदी १९९९ पासून सलग धरल्या जातात आणि 'विक्रम' म्हणतात तो त्यांतला. २००८ साली ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाचा ख्रिस जॉन्सन ४.२४ पळाला. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ ची वेळ दिली. २०२४ मध्ये टेक्सासच्या झेव्हियर वर्दीने ती ४.२१ वर आणली. टीव्हीच्या पडद्यावर धाव संपताक्षणी झळकणारा आकडा तर त्याहून कच्चा असतो. २०२२ साली टायक्वान थॉर्नटन पळाला तेव्हा पडद्यावर ४.२१ आले, विक्रम मोडल्याचा जल्लोष झाला, आणि थोड्या वेळाने अधिकृत वेळ जाहीर झाली ती ४.२८. एकाच मुलाची एकच धाव, आणि दोन आकड्यांत सात शतांश सेकंदांचा फरक.

तेवढ्याने काय होते, असे वाटेल. शेवटच्या टप्प्यात हे धावपटू सेकंदाला दहा मीटरच्या जवळपास वेगाने जात असतात. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग दहा सेंटिमीटरचा, दहावा भाग एक मीटरचा. मीटरभर पुढे असलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्याकडे, चेंडू टाकता येतो, मीटरभर मागे असलेल्याला बचावपटू गाठतो. खेळात या फरकाला नक्कीच मोल आहे. पण मोजण्यातली चूकच दोन-दोन मीटरांची असेल तर एका मीटरच्या फरकावरून माणसाचे मोल ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

दावा खरा की फुगवलेला, हे पडताळायला उसेन बोल्ट फार उपयोगी पडतो. २००९ मध्ये बर्लिनला त्याने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, आणि त्या शर्यतीतल्या दर दहा मीटरच्या वेळा उपलब्ध आहेत. तीस मीटरला ३.७८, चाळीस मीटरला ४.६४. या दोहोंमध्ये ३६.५८ मीटरची खूण बसवली तर साधारण ४.३५ येतात. पण हे घड्याळ बंदुकीपासूनचे आहे. बंदूक ऐकून पाय हलेपर्यंत बोल्टचे ०.१४६ सेकंद गेले होते. फोर्टीत हा वेळ धरतच नाहीत, म्हणून तो वजा करायचा, उरतात ४.२०. स्पाइक्स, स्टार्टिंग ब्लॉक, उत्तम ट्रॅक आणि पृथ्वीवर आजवर धावलेल्या सर्वांत वेगवान माणसाची सर्वांत चांगली शर्यत, हे सगळे जमेला धरून ४.२०. वर्दीच्या ४.२१ शी याची तुलना केली तर दोघे तोडीस तोड दिसतात. ते तसे नाहीत. सुरुवातीचा अंगठा जेवढा उशिरा दाबला गेला, तेवढे वर्दीच्या पदरात पडले. वर्दी विलक्षण वेगवान आहे यात शंका नाही. त्याचा आकडा मात्र बोल्टच्या आकड्याशेजारी ठेवण्याजोगा नाही. निवृत्तीनंतर २०१९ मध्ये अटलांटाला सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, निमित्ताने बोल्टने ट्रॅकसूटमध्ये, साध्या बुटांवर फोर्टी पळून दाखवली आणि ४.२२ सांगितले गेले. तीही वेळ हातातल्या घड्याळाची होती.

आता जुन्या दंतकथांकडे वळू. बो जॅक्सन १९८६ च्या ड्राफ्टआधी ४.१२ पळाला म्हणतात. डॅरेल ग्रीनने त्याच वर्षी वॉशिंग्टन संघाच्या सराव शिबिरात ४.०९ ची वेळ दिल्याचे सांगतात. डीऑन सँडर्स १९८९ मध्ये ४.२७ पळाला आणि न थांबता तसाच बोगद्यातून स्टेडियमबाहेर निघून गेला, ही गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. तिघेही अफाट खेळाडू होते. जॅक्सन तर बेसबॉल आणि फुटबॉल दोन्हीकडे अव्वल दर्जाचा होता, आणि त्याला मैदानावर सुटलेला ज्यांनी पाहिले त्यांना आकड्याची गरजच वाटली नसेल. पण ४.१२ चे ओझे किती आहे ते पाहायला ख्रिश्चन कोलमनचे उदाहरण घ्यावे. २०१७ साली रॉसच्या विक्रमाचा गवगवा झाल्यावर टेनेसी विद्यापीठाच्या या धावपटूने हिरवळीवर फोर्टी पळतानाची चित्रफीत प्रसिद्ध केली. त्याची वेळ होती ४.१२. पुढच्याच वर्षी त्याने ६० मीटरचा ६.३४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि २०१९ मध्ये तो १०० मीटरचा जगज्जेता झाला. सुरुवातीच्या तीस-चाळीस मीटरांत जगात ज्याला तोड नाही, त्याची ही वेळ. ऐंशीच्या दशकात शंभर किलोच्या फुटबॉलपटूने तीच दिली, हे मी मानत नाही. ते घड्याळ अंगठ्याचे होते, इतकाच त्याचा अर्थ.

कम्बाइन निदान सगळ्यांना एका जमिनीवर, एका छपराखाली, एकाच पद्धतीने पळवते. मार्चमध्ये कॉलेजांचे स्वतःचे 'प्रो डे' होतात, तिथे तेही नसते. मैदान मुलाच्या ओळखीचे, हिरवळ कुठे कडक तर कुठे भुसभुशीत, उघड्यावर असेल तर पाठीला वारा, आणि वेळ घेणारे म्हणजे रेषेवर रांगेने उभे असलेले वीस-पंचवीस स्टॉपवॉचवाले. एकाचे ४.३८, दुसऱ्याचे ४.४५. बातमीत त्यातले कुठले येणार हे सांगायला नको. कम्बाइनमध्ये वेळ मनासारखी आली नाही तर पुष्कळ मुले प्रो डेला पुन्हा पळतात आणि बहुधा सुधारलेला आकडा घेऊन येतात.

आकडा सुधारण्याचा तर आता मोठा व्यवसाय झाला आहे. कॉलेजचा मोसम संपला की जानेवारीत मुले फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, टेक्सासमधल्या खासगी प्रशिक्षण केंद्रांत दाखल होतात. सहा-आठ आठवडे शिकवले जाते ते प्रामुख्याने सुटणे. हात कुठे टेकवायचा, वजन किती पुढे झोकायचे, पहिले पाऊल किती लांब टाकायचे, पहिल्या दहा यार्डांत मान किती वेळ खाली ठेवायची. १९९५ साली बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने खास कम्बाइनच्या चाचण्या घोटून तयारी केली, तिथे सगळ्यांना थक्क केले आणि तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला. कारकीर्द बरी झाली, सातव्या क्रमांकाच्या मानाने किरकोळ. तेव्हापासून त्याचे नाव या प्रकाराला चिकटले. मला यात त्याचा दोष दिसत नाही. परीक्षा जाहीर असेल तर मुले तिचाच अभ्यास करणार.

मग या धावेतून नेमके काय कळते? पहिले दहा यार्ड साधारण दीड सेकंदाचे, आणि ते निव्वळ रेटण्याचे. शरीर पुढे झुकलेले, पाय मागे ढकलणारे. पुढे हळूहळू धड सरळ होते आणि माणूस आपल्या कमाल वेगाजवळ जातो. पाय किती चटचट हलतात यावर वेग अवलंबून आहे असे आपल्याला वाटते. पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगळे दिसले. पाऊल हवेतून पुढे आणायला वेगवान आणि मंद धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो जमिनीवर पाऊल टेकलेल्या त्या इवल्याशा अवधीत, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, माणूस जमिनीला किती जोराने दाबतो त्यात. म्हणून वजनाला इथे महत्त्व आहे. ४.३३ पळणारा हडकुळा मुलगा आणि ४.३३ पळणारा १०४ किलोचा डीके मेटकाफ यांत दुसरा कितीतरी दुर्मिळ. पण अशा मेटकाफलाही ट्रॅकवर मर्यादा कळली. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात तो खऱ्या धावपटूंच्या शर्यतीत उतरला, १०० मीटर १०.३६ सेकंदांत पळाला आणि आपल्या हीटमध्ये शेवटचा आला. एका फुटबॉलपटूने १०.३६ पळणे मला थोर वाटते. त्या दिवशी वेळ बंदुकीपासून आणि यंत्राने घेतली होती, म्हणून तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो.

सरळ पळणे आणि खेळताना पळणे यांतली दरी समजायला २०१७ चा एकच कम्बाइन पुरेसा आहे. जॉन रॉस तिथे ४.२२ पळाला. त्या वर्षी अ‍ॅडिडासने आपले बूट घालून विक्रम मोडणाऱ्याला एक बेट देऊ केले होते. रॉसच्या पायात नायकीचे बूट होते, त्यामुळे ते हुकले. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या मोसमात त्याने एकही चेंडू झेलला नाही, नंतरही दुखापतींनी त्याला सतत गाठले, आणि साऱ्या कारकिर्दीत त्याने चेंडू झेलून मिळवलेले यार्ड हजारावर गेले नाहीत. त्याच कम्बाइनमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप ४.६२ पळाला. रिसीव्हरला ही वेळ मंद. तो ६९ व्या क्रमांकापर्यंत खाली गेला. २०२१ च्या मोसमात त्याने १४५ झेल आणि १,९४७ यार्ड केले, दोन्हींत सगळ्या स्पर्धेत पहिला, आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. दोघे एकाच जमिनीवर पळाले होते. फरक वळण्यात होता, पाऊल आवरण्यात होता, बचावपटूच्या कमरेकडे बघून तो कधी फसेल ते ओळखण्यात होता. यातले काही किरणांच्या झोतात सापडत नाही.

रिसीव्हर जेरी राइसची गोष्ट तशीच. १९८५ मध्ये मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या कॉलेजातून आलेल्या या मुलाची फोर्टी कुणी ४.६ सांगतो, कुणी ४.७१. त्याने पुढे २२,८९५ यार्ड केले, आणि तो विक्रम आजही उभा आहे. उलट २००९ साली ऑकलंड रेडर्सचे मालक अल डेव्हिस वेगावर भाळले आणि ४.३० पळालेल्या डॅरियस हेवर्ड-बेला त्यांनी सातव्या क्रमांकावर घेतले. पायाच्या दुखापतीमुळे न पळालेला मायकेल क्रॅबट्री त्याच्यामागे दहाव्यावर राहिला. हेवर्ड-बेचे पहिल्या मोसमातले झेल नऊ. लुइव्हिल विद्यापीठाच्या फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर अ‍ॅडम्स यांनी २००८ मध्ये कम्बाइनचे आकडे आणि पुढची कामगिरी ताडून पाहिली तेव्हा बहुतेक ठिकाणी ठाम संबंध सापडला नाही. अपवाद होता रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, धावेचा. ख्रिस जॉन्सन त्या अपवादात चपखल बसतो. ४.२४ पळालेल्या या रनिंग बॅकने २००९ मध्ये एका मोसमात २,००६ यार्ड काढले.

आता वेग मोजायला दुसरी साधने आली आहेत. २०१४ पासून एनएफएलच्या खेळाडूंच्या खांद्यांवरच्या चिलखतात चिप बसवू लागले. सामन्यात, अंगावर सगळे ओझे असताना, चेंडू हातात असताना माणूस किती वेगाने गेला ते त्यातून कळते. २०१६ मध्ये टायरीक हिलने ताशी २३.२४ मैल, म्हणजे सुमारे ३७.४ किलोमीटर वेग गाठला. हिलला कम्बाइनचे बोलावणेही नव्हते. वेस्ट अलाबामाच्या प्रो डेला तो ४.२९ पळाला होता आणि १६५ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या बाबतीत हातातल्या घड्याळाने फार फुगवून सांगितले नव्हते, हे चिपने दाखवून दिले.

फोर्टी मोडीत काढा, असे मी हिलसारख्यांमुळेच म्हणणार नाही. ओहायो स्टेटचा मार्विन हॅरिसन ज्युनियर २०२४ मध्ये ना कम्बाइनमध्ये पळाला ना प्रो डेला, आणि तरी चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. पुढच्या वर्षी ट्रॅव्हिस हंटरही पळाला नाही. तो दुसरा गेला. मोठ्या कॉलेजच्या मुलाचे सामने देशभर टीव्हीवर दिसतात, त्याचा खेळ सगळ्या संघांनी पाहिलेला असतो. वेस्ट अलाबामाच्या किंवा मिसिसिपी व्हॅलीच्या मुलाला ती सोय नाही. त्याने हरवलेले प्रतिस्पर्धी किती दमाचे होते हे कुणाला ठाऊक नसते, आणि ३६.५८ मीटर सगळीकडे सारखेच असतात. म्हणूनच सुरुवातीच्या रेषेवरचा तो अंगठा काढून तिथेही यंत्र बसवावे, असे मला वाटते. आज एवढ्या श्रीमंत स्पर्धेला ते सहज परवडेल. जुन्या विक्रमांशी तुलना तुटेल, वेळा वाढलेल्या दिसतील, आणि पहिली एक-दोन वर्षे सगळी मुले मंद झाल्यासारखी वाटतील.